खाजऱ्या कैतानचे चणे

खाडीवर पूल नव्हता आणि पुलाचं स्वप्नही कुणाला पडलं नव्हतं, त्या काळी वसईकडच्या निगडबंदरात रेमेत नावाच्या बाईने एक नवस केला होता. त्या किनाऱ्यावर नवस म्हणजे काही नवी गोष्ट नव्हे. कुणी लेकराच्या तापासाठी बोले, कुणी म्हशीच्या दुधासाठी. रेमेत बोलली ती नवऱ्याच्या उजव्या हातासाठी. हात मोडला नव्हता की लुळा पडला नव्हता, चांगला माडाच्या खोडासारखा होता. तरी धक्क्यावरच्या क्रुसापाशी गुडघे टेकून ती मारियामातेला म्हणाली, “सायबिणी, माझ्या धन्याचा हात सरळ कर. भर होडीत, चार माणसांसमोर त्याने एकदा पुरी क्रुसाची खूण केली, की त्या वेळी होडीत असतील तेवढ्या सगळ्यांना मी माझ्या हातचे चणे-खोबरं खाऊ घालीन. मग ते कुठल्या का गावचे असेनात, कुठल्या का देवाचे असेनात.”

नवरा म्हणजे कैतान नावाडी. निगडबंदरहून पलीकडच्या तिवरपाड्याला होडी नेणारा तो एकटाच. असं म्हणतात की एकदा पाटलांची गाभण म्हैस भोवऱ्यात सापडली, तेव्हा कैतानने उडी टाकली आणि म्हशीला शिंगाला धरून काठावर आणलं. वर तिला म्हणाला, “बाई, पोहायला येत नाही तर पाण्यात कशाला उतरतेस?” भोवऱ्याला न भिणारा हा गडी एकाच गोष्टीला भीत असे. चार माणसांत देवाचं नाव घ्यायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

हे दुखणं लग्नातलं. देवळात पाद्रीबाबांनी विचारलं, “हिचा स्वीकार करतोस ना?” कैतानने मान हलवली. पाद्रीबाबा म्हणाले, “तोंडाने सांग.” त्याने पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रेमेतचा बाप मागून ओरडला, “अरे, मुका दिलात की काय माझ्या पोरीला?” सगळं देऊळ हसलं. ते हसू कैतानच्या कानात जे शिरलं ते काही बाहेर निघालं नाही.

आता रोजची शेवटची फेरी संध्याकाळी असे. बाजार उरकून तिवरपाड्याची माणसं घरी परतायची, आणि होडी बरोबर मध्यावर आली की निगडबंदरच्या देवळात सांजेची घंटा व्हायची. तीन ठोके, थोडी उसंत, तीन ठोके, पुन्हा उसंत, तीन ठोके. काठावरचा प्रत्येक जण हातातलं काम टाकून क्रुसाची खूण करी आणि मारियेला नमस्कार म्हणे. कैतानलाही राहवायचं नाही. पण होडीत सगळी पलीकडची, दुसऱ्या देवाची माणसं. त्यांनी विचारलं, हे काय करतोस, तर सांगावं लागेल. सांगितलं आणि ती हसली तर?

म्हणून त्याने एक युक्ती काढली. घंटा झाली की तो कपाळ खाजवी. मग छाती खाजवी. मग डाव्या खांद्यावरचा डास मारी आणि उजवा खांदा माशी बसल्यासारखा झटकी. झाली क्रुसाची खूण. पुढची प्रार्थना तो खोकल्यात उरकून टाकी.

रेमेत काठावरून हे बघे आणि कपाळाला हात लावी. एकदा जेवताना ती म्हणाली, “अवो, देवाला नमस्कार करता की ढेकूण मारता?”

कैतान म्हणाला, “माझ्यावर हसले तर हसू देत गं. त्याच्यावर हसले तर मला सोसायचं नाही.”

“क्रुसावर होता तेव्हाही हसलेच की त्याला,” रेमेत म्हणाली. “त्याने काय केलं? अंग खाजवलं?”

कैतानने ताटात मान घातली ती वर केली नाही. दुसऱ्याच दिवशी रेमेतने तो नवस केला.

पण सायबिणीची काम करायची रीत निराळी. हात सरळ व्हायचा बाजूलाच राहिला, आधी सगळं वाकडं होत गेलं.

तिवरपाड्याची पोशीबाई कोळीण रोज मासळी विकून शेवटच्या फेरीने परतायची. मनाने लोण्यासारखी, आवाजाने ताशासारखी. ती म्हणाली, “कैतानभाऊ, रोज याच वेळेला कशी रे खाज सुटते तुला? खारं वारं बाधलंय. थांब, करंजाचं तेल आणते.” आणि आणलं. कैतानला वाटलं आता सांगावं, पण जीभ चिकटली. त्याने तेल घेतलं. पोशीबाई समोरच बसलेली, म्हणून चोळलंही. दुसऱ्या दिवशी कुणी कडुलिंबाचा पाला आणला, तिसऱ्या दिवशी कुणी गंधक. आठवड्याभरात त्या माणसाला असा वास मारू लागला की घरची म्हैस त्याला बघून दूध चोरायला लागली. असं म्हणतात की खाडीतले डासही त्याची होडी टाळून जात. तरी घंटा झाली की कैतान खांद्यावरचा डास मारीच.

इतक्या औषधांनी जी जात नाही ती साधी खाज नव्हे, असं लोक बोलू लागले. आज खाज, उद्या खरूज, परवा ती लागते, तेरवा या नावाड्यापायी आख्खा गाव खाजवत बसेल. निम्मे लोक दोन कोसांचा वळसा घालून पायी जाऊ लागले. शेवटी तिवरपाड्याच्या हरचंद पाटलांनी निरोप धाडला: शनिवारी शेवटच्या फेरीला मी स्वतः होडीत बसून बघणार. खाजवलंस तर होडी दुसऱ्याला द्यायची.

कैतानने डोकं धरलं. मग एकाएकी त्याचा चेहरा उजळला. “सोपं आहे की! शनिवारी नाही खाजवायचं.”

रेमेत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “म्हणजे खूण नाही करायची?”

“एकच दिवस. देव समजून घेईल.”

“देव घेईल समजून,” रेमेत म्हणाली. “तो सगळंच समजून घेतो. पण रविवारी करायला तुमचा हात वर उठेल का, ते सांगा.”

होडी जाईल ही भीती होतीच, पण बायकोच्या प्रश्नाची भीती त्याहून मोठी निघाली. शुक्रवारी रेमेतने त्याला पुन्हा टोचलं नाही. तिला घरात एक काम होतं.

शनिवारी होडी खच्चून भरली. ही परीक्षा बघायला माणसं वळसा सोडून परत आली होती. मध्ये नवी कोरी पगडी घालून पाटील. त्यांच्या शेजारी पोशीबाई, मांडीवर तेलाची बाटली. आणि मागच्या टोकाला, मोठी झाकलेली टोपली घेऊन रेमेत.

“तू कुठे?” कैतानने विचारलं.

“पलीकडे,” ती म्हणाली.

होडी मध्यावर आली आणि घंटा झाली. एक, दोन, तीन. कैतानने दोन्ही वल्ही घट्ट धरली. सगळे डोळे त्याच्या हातांवर. तीन ठोके पुन्हा झाले. आणि त्याच वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, एक खराखुरा डास कैतानच्या कपाळावर येऊन बसला. चांगला ऐसपैस बसला. कैतानच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात हलला नाही. शेवटचे तीन ठोके झाले.

“शाबास!” पाटील म्हणाले. “बरा झाला की हा!”

“माझं तेल!” पोशीबाई म्हणाली.

पण घंटा थांबेना. असं म्हणतात की नवाचे अठरा झाले, अठराचे चाळीस झाले. घंटा वाजवणारा म्हातारा पुढे शपथेवर सांगे, मी दोर कधीच सोडला होता, बाहेर उभा राहून विडी ओढत होतो. इकडे कैतानने वल्ही ओढली तर ती पाण्यात रोवल्यासारखी गच्च. ओहोटीचं पाणी जागच्या जागी उभं राहिलं. होडी ना पुढे ना मागे. आणि घंटा आपली वाजतेच आहे, दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी, आत घ्या म्हणत.

कैतानने मागे पाहिलं. रेमेत त्याच्याकडे बघतही नव्हती. डोळे मिटून, टोपलीवर हात ठेवून बसली होती.

तेव्हा कैतानने वल्ही सोडली आणि उभा राहिला. इतक्या वर्षांची चोरटी खूण त्याच्या हातात साठून राहिली होती, ती एकदमच बाहेर आली. कपाळ. छाती. डावा खांदा. आणि उजव्या खांद्याकडे हात निघाला तो असा रुंद, की वाटेत हरचंद पाटलांची नवी पगडी आली आणि खाडीत गेली. “पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, आमेन!” आवाज एवढा, की दोन्ही काठांच्या तिवरांतले बगळे उडाले. असं म्हणतात की त्यातले काही अजून उतरलेले नाहीत.

घंटा थांबली. पगडी हळूहळू तरंगत निघाली.

मग पोशीबाई उभी राहिली. “अरे मेल्या! नमस्कार करत होतास तू? मग माझं दोन महिन्यांचं करंजाचं तेल?”

आणि सगळी होडी हसली. लग्नापासून ज्या हसण्याला कैतान भीत आला होता, तेच हे हसणं. त्याने वाट पाहिली, पण आकाश काही कोसळलं नाही. उलट त्यालाच हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच ते कानातलं जुनं हसू बाहेर पडलं.

पाटील उघड्या डोक्याने म्हणाले, “नमस्कार कुणाला, ते तरी सांग. पगडी गेली आहे माझी.”

कैतानची जीभ सुटली. त्याने सांगितलं की एका लहान गावातल्या गरीब मुलीकडे देवदूत आला, तिला देवाचा निरोप दिला, आणि ती आधी घाबरली. मग म्हणाली, तुझ्या शब्दाप्रमाणे होवो. ही घंटा त्याची आठवण आहे. “मीही घाबरलो होतो, पाटील,” तो म्हणाला. “पण माझ्याकडे देवदूत नव्हता. बायको होती.” मग त्याने त्या मुलीच्या बाळाची गोष्ट सांगितली, गव्हाणीपासून क्रुसापर्यंत, आणि रिकाम्या कबरीपर्यंत. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बोलणं, ते आवरतंय कुठलं! तो बोलत राहिला, लोक ऐकत राहिले, आणि थांबलेल्या ओहोटीने गुपचूप आपलं काम पुरं केलं. होडी चिखलात बसली.

“विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतंस ना?” पाटील म्हणाले.

“नसतं सांगितलं,” कैतान खरं तेच बोलला.

तेव्हा रेमेतने टोपली उघडली. उकडलेले चणे, वर ओल्या खोबऱ्याचे काप. पिंपळाच्या पानांवर तिने सगळ्यांना वाढले, पाटलांना दोनदा. कैतान बघतच राहिला. “तुला ठाऊक होतं मी खूण करीन म्हणून?”

“छे,” रेमेत म्हणाली. “पण चणे आदल्या दिवशीच भिजवावे लागतात.”

गुडघाभर चिखल तुडवत सगळे काठाला लागले. त्यानंतर सांजेची घंटा झाली की होडीत पाटील पगडी काढून मांडीवर घेत, आदराने की धास्तीने ते त्यांनाच ठाऊक. पोशीबाई आपल्या एकवीरेला हात जोडी आणि मग म्हणे, “हं, कैतानभाऊ, काल कुठपर्यंत आली होती गोष्ट?”

आता खाडीवर पूल आहे. पण वर्षातून एका शनिवारी निगडबंदरच्या धक्क्यावर, त्याच क्रुसापाशी लोक जमतात. तिवरपाड्याची माणसं करंजाचं तेल घेऊन येतात, त्याने क्रुसापुढचा दिवा लागतो. घंटा व्हायच्या आधी कुणीतरी ओरडतं, “टोप्या सांभाळा!” मग सगळे हात रुंद करून खूण करतात, जेवढी रुंद तेवढी बरी, आणि चणे-खोबरं वाटतात. खाजऱ्या कैतानचे चणे म्हणतात त्यांना. देवाचं बोलायला ज्याची जीभ अडते त्याने ते मूठभर खावे, सुटते, असं म्हणतात.

तेव्हा ऐकणाऱ्यांनो, तुमच्याही घरात कुणाचा हात कपाळापर्यंत येऊन नुसताच खाजवत असेल, तर त्याला टोचू नका. रेमेतसारखं गुडघे टेका, नवस बोला, आणि चणे आजच भिजत घाला.