न घासलेला माठ

नकाशे निघायच्याही आधीची गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक विद्यापीठ होतं. तिथे शेवटच्या वर्षाला परीक्षा नसे. विद्यार्थ्यांनी असा उद्योग उभा करायचा, की लोकांचं एखादं दुःख कमी व्हावं आणि चार घरांच्या चुलीही पेटाव्यात. वर्ष संपताना राजा यायचा आणि पटलेला उद्योग शंभर गावांत सुरू करायचा हुकूम द्यायचा.

चारुशीला आणि विश्वंभर यांना तर या कामाचं वेडच लागलं होतं. नदीकाठच्या गावात गढूळ पाणी पिऊन पोरं आजारी पडत. म्हणून दोघांनी पाणी गाळणारा माठ काढला. वरच्या माठात वाळू आणि कोळसा, खालच्यात झिरपलेलं स्वच्छ पाणी. गावातल्या कुंभारणी ते माठ घडवून विकू लागल्या. वसतिगृहात या दोघांनी स्वतः वर्षभर नदीचं पाणी त्यातून गाळून प्यायलं. पोट एकदाही दुखलं नाही. मग काय विचारता, स्वारी हवेतच.

राजा येणार त्या दिवशी सकाळी चारुशीला एक नवा माठ आणायला गावात गेली. भागूआत्या नावाची कुंभारीण अंगणात बसून वरचा माठ राखेनं खसाखसा घासत होती. धुतलेली वाळू पोत्यावर वाळत घातली होती. आत तिचा नातू जुलाबानं निपचित पडला होता.

"आत्या, हे रोज घासता?"

"म्हणजे काय? भांडं घासल्याशिवाय पाणी भरतं का कोणी?"

चारुशीलेनं पोत्यावरची वाळू चिमटीत घेऊन पाहिली. वाळूवर हळूहळू एक बुळबुळीत थर धरतो आणि तोच पाण्यातली घाण अडवतो, हे ती शिकली होती; पण माठ कोणी रोज घासेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. वसतिगृहातला माठ इतका छान चालला, कारण त्या दोन आळश्यांनी वर्षभरात त्याला कधी हात लावला नव्हता. इथे मात्र गावातली प्रत्येक बाई तो थर रोज सकाळी धुऊन टाकत होती. आणि गाळलेलं आहे म्हणून पोरांना निर्धास्त पाजत होती.

आत्याला पाणी उकळून द्यायला सांगून ती धावतच परतली. विश्वंभरनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला.

"आज गप्प बस," तो म्हणाला. "एकदा हुकूम मिळू दे, मग सुधारू."

"आणि तोवर शंभर गावांतली पोरं?"

"चारू, आपलं अख्खं वर्ष आहे यात."

तेवढ्यात नगारा वाजला. राजा आला, वसतिगृहातल्या माठातलं पाणी प्याला, खूश झाला. प्रधानानं हुकमाचा कागद पुढे केला. राजानं शिक्का उचलला.  विश्वंभर तिच्याकडे नुसता बघत होता. बोलावं तर मित्र जातो, न बोलावं तर आत्याचा नातू डोळ्यांपुढून हलत नाही.

"महाराज, थांबा," ती म्हणाली. "आमचा माठ गावात चालत नाही. हे पाणी पिऊन पोरं आजारी पडताहेत. एकाला मी आज सकाळीच पाहिलंय."

 राजानं शिक्का खाली ठेवला. हुकूम विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या गटाला गेला. विश्वंभर उठून निघून गेला आणि पुढे महिनाभर तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिला रडू आलं, पण दुसऱ्या दिवशी ती आत्याच्या अंगणात हजर होती. नातू उठून बसला होता, ते पाहून तिच्या जिवात जीव आला.

तिनं आत्यासमोर सगळी चूक कबूल केली. थर कसा धरतो, घासल्यानं काय होतं, तेही समजावलं. "पण भांडं घासू नका असं घरोघरच्या बायकांना कोणत्या तोंडानं सांगू?"

आत्यानं क्षणभर विचार केला आणि चाकावर माती चढवली. वरच्या माठाचा गळा तिनं इतका अरुंद केला, की आत कोणाचा हात शिरणारच नाही. खालचा ठेवला रुंद तोंडाचा, हवा तेवढा घासा. दोन महिन्यांत गावातले जुलाब थांबले. शेजारच्या गावच्या बायका न बोलावता माठ न्यायला येऊ लागल्या.

"आत्या, इतकं सोपं होतं?" चारुशीलेनं विचारलं.

"सोपंच होतं की," हातावरची माती निपटत आत्या म्हणाली. "वर्षभर येत होतात, दर वेळी आम्हाला शिकवून जात होतात. एकदा विचारलं असतंत, तर पहिल्याच दिवशी करून दिला असता."

तात्पर्य एवढंच: ज्यांचं भलं करायचं, त्यांना आधी विचारावं, आणि चुकलं असेल तर शिक्का उमटायच्या आत बोलावं.