टिंबू आणि खडखडणारी जीप

एक होता टिंबू. नाकतोड्याचं पिल्लू. हिरवा हिरवा, एवढुस्सा!

डोंगरावर गवतच गवत. त्या गवतात टिंबूचं घर.

एकदा गावातल्या तात्यांची जीप गवताजवळ थांबली. टिंबूने मारली उडी. टुणुक! पडला थेट जीपमध्ये. जीप निघाली. खडखड खडखड! डोंगर उतरली, गावात आली.

टिंबू गावात. आई डोंगरावर!

जीप रोज डोंगर चढायची. टिंबूही जायचा. पण उतरायचं कुठे? इकडे गवत, तिकडे गवत. सगळं सारखंच! आई हाक मारायची, किर्रर्र! पण जीप वाजायची, खडखड खडखड! हाक काही ऐकू यायची नाही. टिंबू तसाच परत यायचा. सीटखाली बसायचा. आईला ओल्या गवताचा वास येतो. तो वास त्याला आठवायचा.

एका सकाळी टिंबू म्हणाला, "आता पुरे!"

"जीपबाई, जीपबाई, गप्प बसा ना!
आई ऐकू येईना,
मी घरी जाऊ कसा?"

जीप म्हणाली, "माझ्या पोटाखाली दांडा आहे. तो चाकं फिरवतो. तो नीट फिरेल, तर मी गप्प बसेन."

टिंबू गेला दांड्याकडे. टुणुक टुणुक!

"दांडेराव, दांडेराव, नीट फिरा ना!
जीप गप्प बसेना,
आई ऐकू येईना,
मी घरी जाऊ कसा?"

दांडा म्हणाला, "नट मला घट्ट धरेल, तर मी नीट फिरेन."

टिंबू गेला नटाकडे. टुणुक टुणुक!

"नटोबा, नटोबा, दांडा धरा ना!
दांडा नीट फिरेना,
जीप गप्प बसेना,
आई ऐकू येईना,
मी घरी जाऊ कसा?"

नट म्हणाला, "मी झालोय ढिला. पाना मला आवळेल, तर मी धरेन."

टिंबू गेला पान्याकडे. टुणुक टुणुक!

"पानेदादा, पानेदादा, नट आवळा ना!
नट दांडा धरेना,
दांडा नीट फिरेना,
जीप गप्प बसेना,
आई ऐकू येईना,
मी घरी जाऊ कसा?"

पाना म्हणाला, "कुंदाताई मला हातात घेईल, तर मी आवळेन."

कुंदाताई गाड्या दुरुस्त करायची. टिंबू गेला तिच्याकडे. टुणुक टुणुक!

"कुंदाताई, कुंदाताई, पाना घे ना!
पाना नट आवळेना,
नट दांडा धरेना,
दांडा नीट फिरेना,
जीप गप्प बसेना,
आई ऐकू येईना,
मी घरी जाऊ कसा?"

कुंदाताई म्हणाली, "अरे, मी तर कधीची मागे लागलेय! पण जीप तात्यांची. ते हो म्हणतील, तर मी पाना घेईन."

टिंबू गेला तात्यांकडे. टुणुक टुणुक!

"तात्या, तात्या, हो म्हणा ना!
ताई पाना घेईना,
पाना नट आवळेना,
नट दांडा धरेना,
दांडा नीट फिरेना,
जीप गप्प बसेना,
आई ऐकू येईना,
मी घरी जाऊ कसा?"

तात्या म्हणाले, "ऑं? खडखड? कुठली खडखड? आपली जीप म्हणजे लोणी, लोणी!"

टिंबूने पाहिलं. तात्यांच्या कानात काय? कापसाचे बोळे!

टिंबूला आला राग. टुणुक! बसला तात्यांच्या कानावर. बोळा धरला. ओढला, ओढला. टुप्प!

दुसरा बोळा. टुप्प!

तात्यांनी जीप सुरू केली. खडखड खडखड!

"अगं आई गं!" तात्या ओरडले. "काय ही खडखड! कुंदा, ए कुंदा! बघ बाई काय ते!"

"बघते की!" कुंदाताई म्हणाली.

तात्या हो म्हणाले.
ताईने पाना घेतला.
पान्याने नट आवळला. करकर करकर!
नटाने दांडा धरला.
दांडा नीट फिरला.
जीप गप्प बसली.

जीप डोंगर चढू लागली. घुर्रर्र... घुर्रर्र...

पहिलं वळण आलं. टिंबूने कान दिला. नुसता वारा.

दुसरं वळण आलं. नुसता वारा.

तिसरं वळण आलं.

किर्रर्र!

टुणुक! टुणुक! टुणुक!

"रोज हाक मारत होते रे बाळा," आई म्हणाली.

"आज ऐकू आली गं, आई," टिंबू म्हणाला.

जीप गेली पुढे, गोष्ट राहिली गवतात.