कॅमेऱ्याशेजारची जागा

“कुणावर संशय हाय तुझा?” आप्पांनी विचारलं.

“तौफिकवर,” रणधीर म्हणाला. “कॅमेरा त्याच्याकडं असतो.”

आप्पा कळंबेकर म्हणजे कोल्हापुरातले जुने संकलक. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे कापले आणि जोडले, स्वतःचा एकही काढला नाही. रणधीर इंगवले कॉलेजातला, पहिलाच लघुपट काढत होता, आणि यातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची पक्की समजूत होती. आज तो लॅपटॉप काखोटीला मारून, पुरावा घेऊनच आला होता.

त्यानं तक्रारींचा पाढा वाचला. लघुपटात मुख्य काम करणाऱ्या केतकीच्या घरच्या स्वयंपाकघरात तीन दिवस शूटिंग चाललं होतं. एका दुपारी माइक चालू करायचाच राहिला. रणधीर आत गेला की बोलणी थांबायची. आणि केतकी, चांगला संवाद म्हणता म्हणता, ऐन वेळी भलतीकडे बघून शॉट नासवायची. तौफिकला स्वतःलाच दिग्दर्शन करायचं होतं, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. तोच तिला खुणावत असणार. म्हणून तर चहाची पाळी सगळ्यांवर येई, पण रणधीर जागचा हलत नसे. पाठ फिरली की हे काय करतील याचा नेम नव्हता.

कॅमेरा परवा कॉलेजला परत द्यायचा होता. उरला उद्याचा एक दिवस. तौफिकला काढावं, तर कॅमेरा चालवणार कोण? ठेवावं, तर राहिलेलंही पाण्यात जाणार. तावातावानं बोलत होता खरा, पण मनातून पोरगा घाबरला होता.

आप्पांनी आवाज बंद करायला लावला. नुसती चित्रं बघत राहिले…

केतकीनं नजर टाकली. डावीकडे.

लघुपटात तिच्या वडिलांचं काम करणारे शेजारचे काका बोलता बोलता अडखळले. डावीकडेच बघून.

“आता ह्यो शॉट?”

“तेव्हा तौफिक चहा करायला गेला होता. कॅमेरा नुसता स्टँडवर चालू होता.”

त्या शॉटमध्येही केतकीची नजर तिकडेच गेली.

आप्पांनी बोट ठेवलं. पडद्यावर नाही; पडद्याच्या डाव्या कडेबाहेर, टेबलाच्या उघड्या लाकडावर.

“हितं कोण असतं?”

रणधीर त्या बोटाकडे बघत राहिला…

“मी,” तो म्हणाला.

आप्पांनी बोट उचललं आणि नुसती मान डोलावली. ते बघून रणधीरच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

“आप्पा… तौफिकचा फोन आला होता का तुम्हाला?”

आप्पांनी लॅपटॉप मिटला आणि त्याच्या हातात दिला.

“उद्याचा चहा तू कर.”