दोरावरचं गाणं

माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे शुद्धलेखन चुकेल आणि शब्दही साधेच असतील. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. गोष्ट ओमान देशातली, समुद्राकाठच्या सूर गावातली आहे, आणि दोन सिनेमावाल्यांची आहे.

"...पण उस्ताद, ती शांतता तुम्हाला सुचली कशी?"

हैसमने पुन्हा तेच विचारलं. उस्ताद हमूद आपल्या माडीवर बसून खजुरातली बी काढत होते.

"कुठली शांतता?"

"तुमच्या पहिल्या सिनेमातली. ती बाई किनाऱ्यावर उभी असते आणि नवऱ्याचं गलबत येतं. लाटा दिसतात, पण ऐकू येत नाहीत. माणसं हाका मारताना दिसतात, पण हाक नाही. कैरोच्या सिनेमाशाळेत आम्हाला तेवढाच तुकडा आठवडाभर शिकवला."

"आठवडाभर? काय शिकवलं?"

"की विरह संपतो, तेव्हा आवाजाची गरजही संपते."

उस्तादांनी बी बशीत टाकली.

"रेकॉर्डर पाण्यात पडला होता," ते म्हणाले.

"...म्हणजे?"

"म्हणजे समुद्रात. होडीतून उतरताना माझ्याच हातून सटकला. दुसरा आणायचा तर मस्कत गाठायला हवं होतं. आणि गलबत काही आमच्यासाठी मागे जाऊन परत येणार नव्हतं."

हैसम हसला. मोठी माणसं आपल्या कामाबद्दल असंच बोलतात, हे त्याला माहीत होतं.

त्याला बरंच काही माहीत होतं. वय तिशीच्या आतलं, पण त्याच्या एका छोट्या सिनेमाचा परदेशात सन्मान झाला होता. त्या महोत्सवाची कापडी पिशवी तो आजही खांद्याला लावून आला होता. सिनेमा काढावा तर उस्तादांसारखा, हे त्याने विद्यार्थी असतानाच ठरवलं होतं. अस्सल सिनेमा म्हणजे शांतता. त्याच्या सेटवर कुणी शिंकलं तरी तो मान वळवून बघायचा.

पण आज तो कौतुक करायला आला नव्हता. अडला होता.

"उद्या आमचा शेवटचा दिवस," तो म्हणाला. "परवा सगळे परत जाणार. आणि ज्याच्यासाठी सिनेमा काढला, तेवढंच मिळालेलं नाही."

"जुमा गात नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गाव लहान आहे, पोरा."

हा जुमा म्हणजे गावातला शेवटचा नहाम. पूर्वी शिडाच्या गलबतांवर एक माणूस फक्त गाण्यासाठी असायचा. त्याला नहाम म्हणायचे. खलाशी शीड चढवायला लागले, नांगर ओढायला लागले की तो गाणं उचलायचा आणि त्याच्या सुरावर सगळ्यांचे हात एकदम चालायचे. पुढे इंजिनं आली. गाणारे एकेक करून गेले आणि गाणीही त्यांच्याबरोबर गेली. सूर गावात उरला होता तो एकटा जुमाचाचा. त्याच्या गळ्यात जे होतं, ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नव्हतं.

हैसमने त्याचं सगळं टिपलं होतं. त्याचं घर, त्याच्या शेळ्या, त्याचं औषध, त्याचं नातवंडांवर ओरडणं. फक्त गाणं टिपायचं राहिलं होतं.

"विसरलो म्हणतो," हैसम म्हणाला.

"तू काय केलंस?"

"काय नाही केलं ते विचारा. किनाऱ्यावर वारा फार, म्हणून त्याला घरात आणला. खिडक्यांना गाद्या लावल्या. पंखा बंद केला. शेळ्या पार पलीकडच्या गल्लीत नेऊन बांधल्या. त्याला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. मग मी सगळ्यांना सांगतो, शांतता. अशी शांतता, उस्ताद, की आमची आवाजवाली लमया म्हणते, तिला चाचाच्या पोटातला कहवा ऐकू येतो."

"हं. आणि तो?"

"तोंड उघडतो. माझ्याकडे बघतो, लमयाकडे बघतो, दिव्याकडे बघतो. आणि तोंड मिटतो. म्हणतो, बाळा, विसरलो."

"मग?"

"मग काय. मस्कतचा एक गवई बघून ठेवलाय. शिकलेला आहे, आवाज चांगला आहे. चेहरा चाचाचा, आवाज त्याचा. जोड दिसणार नाही असं करीन मी."

"कुणाला कळणार नाही?"

"कुणालाच नाही."

"जुमाला?"

हैसम खाली बघत म्हणाला, "तो कुठे बघायला येणार आहे..."

म्हणाला खरा, पण त्याचं त्यालाच ते आवडलं नाही. त्याने कहव्याची वाटी उचलली. ती रिकामी होती.

उस्तादांनी एकवार समुद्राकडे बघितलं. मग मांडी बदलून त्याच्याकडे तोंड करून बसले.

"तुझा सिनेमा सांग मला. पहिल्यापासून, गोष्ट सांगतात तसा."

हैसमला बरं वाटलं. ही तर त्याच्या हातची गोष्ट होती. परदेशात मोठमोठ्या लोकांपुढे त्याने हा सिनेमा न अडखळता सांगितला होता. त्याने पिशवी बाजूला ठेवली आणि सुरुवात केली.

"पहाट आहे. किनारा रिकामा. एक म्हातारा शेळ्या घेऊन येतो. आपल्याला वाटतं, हा गुराखी. पण तो पाण्याजवळ येतो आणि थांबतो..."

उस्ताद ऐकत होते. डोळे त्याच्यावर, हात गुडघ्यांवर.

"...त्याच्या पायाशी एक जुनी कप्पी पडलेली असते. शिडाची. तो ती उचलतो. फिरवतो. ती अडकते."

उस्तादांनी मान हलवली नाही.

"मग आपण मागे जातो. त्याचं तरुणपण. म्हणजे दाखवत नाही, तो सांगतो. चौदाव्या... नाही, त्याआधीच तो गलबतावर चढला होता. बापाबरोबर."

उस्तादांनी 'हं' केलं नाही. 'मग' म्हटलं नाही. मघापासून ते खजूर खात होते, मध्येच नाक ओढत होते, भिंतीवरची माशी हाकलत होते. आता त्यातलं काही नाही. नुसतं बघणं.

हैसमने घसा साफ केला.

"तर... बाप गलबताचा तांडेल होता. नाही, बाप नाही, काका. काका तांडेल होता. आणि पहिल्या सफरीत वादळ... वादळाआधी खरं तर ते मलबारला लाकूड भरायला..."

आपलाच आवाज त्याला मोठा वाटायला लागला. शब्द तोंडातून निघत होते आणि समोर जाऊन कुठेतरी पडत होते. कुणी ते उचलत नव्हतं.

"उस्ताद, ऐकताय ना?"

उस्ताद ऐकत होते. ते स्पष्ट दिसत होतं. तेवढंच दिसत होतं.

"तर ते गलबत... त्या गलबताचं नाव होतं..."

तो थांबला.

जुमाचाचाच्या गलबताचं नाव. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. सिनेमाचं नावसुद्धा तेच ठेवायचं चाललं होतं.

"नाव होतं..."

त्याने तोंड उघडलं. उस्तादांकडे बघितलं. दाराकडे बघितलं. तोंड मिटलं.

"विसरलो," तो म्हणाला.

आणि मग आपण काय म्हणालो ते त्याला ऐकू आलं.

बाहेर एक कावळा ओरडला. खालच्या अंगणात कुणीतरी बादली ठेवली.

"विसरलास?" उस्तादांनी विचारलं.

"नाही... माहीत आहे मला. पण तुम्ही साधा हुंकारसुद्धा देत नाही. भिंतीपुढे बसल्यासारखं वाटायला लागलं."

"मी शांतता ठेवली होती," उस्ताद म्हणाले. "कैरोला शिकवतात ती."

...

उस्तादांनी खजुराची बशी पुन्हा जवळ ओढली.

मग हैसम हळूच म्हणाला, "पण चाचाच्या गाण्याला उत्तर देणारे आता कुठून आणू? त्याच्याबरोबर दोर ओढणारे सगळे गेले."

उस्तादांनी हनुवटीने खाली किनाऱ्याकडे दाखवलं. वाळूवर एक लाकडी होडी उभी होती. तळाला नुकतंच तेल लावलेलं, अजून चमकत होतं.

"जुमाच्या पुतण्याची. उद्या सकाळच्या भरतीला पाण्यात घालायची आहे. ट्रॅक्टर सांगितलाय त्याने."

"हो, बघितली मी."

"तुझ्याबरोबर माणसं किती आलीत?"

"दोन गाड्या भरून."

"सगळ्यांना हात आहेत?"

"...आहेत."

"बरं," म्हणून उस्ताद उठले. "हे खजूर घेऊन जा. सकाळी उपाशीपोटी कामाला लावू नकोस कुणाला."

जिना उतरताना, शेवटच्या पायरीवर, हैसमला गलबताचं नाव आठवलं. मबरूका.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पहिलं काम केलं ते ट्रॅक्टरवाल्याला माघारी पाठवण्याचं. मग होडीला जाड दोर बांधला आणि आपली सगळी माणसं दोरावर उभी केली. दिवेवाला, दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर, कपडेवाला. किनाऱ्यावरचे कोळीही गंमत म्हणून येऊन उभे राहिले.

"ट्रॅक्टर काय वाईट होता?" पुतण्या म्हणाला. "होडी आहे ती, पतंग नाही."

"एकदा ओढून बघू."

"बघा. तुमची कंबर आहे."

लमयाने माइक काठीला बांधून वाळूत रोवला आणि कानांवर हेडफोन चढवला.

"शांतता सांगू सगळ्यांना?"

"नको."

"वारा आहे, हैसम."

"असू दे."

"ही माणसं ओरडणार."

"मीही ओरडणार आहे."

लमयाने हेडफोन एका कानावरून सरकवला. "बरा आहेस ना तू?"

कॅमेरा तिवईवर चालू ठेवून कॅमेरावालाही दोराला लागला. हैसमने पिशवी वाळूत टाकली, बाह्या वर केल्या आणि रांगेत शिरला.

जुमाचाचा पुतण्याची होडी बघायला म्हणून आला होता. काठी टेकून एका उलट्या टोपलीवर बसला होता.

पहिला हिसका बसला. कुणी आधी ओढलं, कुणी नंतर. होडी जागची हलली नाही. कपडेवाला मात्र आपटला.

दुसरा हिसका. पुन्हा तेच.

"हे दोर ओढणं आहे की कपडे पिळणं?" जुमाचाचा टोपलीवरून म्हणाला.

सगळे हसले. तिसऱ्यांदा ओढलं. होडी कुरकुरली आणि बसून राहिली.

"थांबा, थांबा. हात सोलून घ्याल मेल्यांनो." म्हातारा उठला. काठी वाळूत खोचली. दोराच्या तोंडाशी येऊन त्याने दोर हातात घेतला, बोटांनी चाचपला, एक पाय पुढे रोवला. आणि त्याच्या गळ्यातून काहीतरी निघालं. खोल, जाड, आधी तर गाणं आहे असं वाटलंही नाही.

एकच ओळ. लाटे, दार उघड, घरधनी आला.

ओळ संपली आणि तो थांबला. मान वळवून मागे बघायला लागला.

कुणालाच काही कळेना. दोन डझन माणसं दोर धरून नुसती उभी. चाचाची मान हळूहळू परत पुढे वळायला लागली...

हैसमला शब्द येत नव्हते, चालही येत नव्हती. त्याने पोटातून होता तेवढा आवाज काढला.

"होऽऽ..."

आवाज फाटका होता. पण चाचाने तो घेतला. त्याच्यावरच पाय दिल्यासारखी त्याने दुसरी ओळ उचलली, आणि ती संपली तेव्हा ड्रायव्हरही 'हो' म्हणाले, कोळीही म्हणाले, वाळूवर सगळ्यांचे पाय एकदम आपटले. होडी हलली.

मग काय विचारता. विसरलो म्हणणारा तो माणूस ओळीमागून ओळ काढत गेला. दर्यावर रुसणारी, वाऱ्याला शिव्या घालणारी, बायकोला निरोप सांगणारी, तांडेलाच्या पोटाची टर उडवणारी. त्या ओळीला कोळी इतके हसले की दोर ढिला पडला आणि चाचाने त्यांना गाण्यातल्या गाण्यातच झापलं. बायका गच्च्यांवर आल्या. कुणीतरी जीभ फिरवून आनंदाची लकेर काढली, दुसरीने तिला जोड दिली. होडी वाळू कापत निघाली होती. आता ती ओढावी लागत नव्हती, तिच्या मागे राहू नये म्हणून सगळे पळत होते.

पाणी पायाला लागलं. गुडघ्याला लागलं. हैसमच्या तळहातांची आग होत होती, तोंडात खारट पाणी होतं, गळा बसला होता आणि तो प्रत्येक ओळीला ओरडत होता. होडीने एक हेलकावा खाल्ला, कलली, आणि पाण्याने तिला उचलून घेतलं.

आरडाओरडा झाला. चाचा कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि गातच होता. आता ओढायला काही उरलं नव्हतं, तरी सगळे उत्तर देतच होते.

काठावर लमया एकटी कोरडी उभी होती. हेडफोन तिने गळ्यात टाकला होता.

"हैसम," तिने हाक मारली, "सगळ्यांचे आवाज एकात एक गेलेत. तुझा तर सगळ्यात वर आहे. कॅमेऱ्यातही तूच दिसतोयस. कट करायचं का?"

हैसमने मान वळवली, पण चाचाची पुढची ओळ आली होती. त्याने आधी त्या ओळीला उत्तर दिलं.

लमयाने पुन्हा हाक मारली. तिच्या शेजारी उस्ताद हमूद येऊन उभे राहिले होते, चपला हातात घेऊन.

"त्याला काय विचारतेस, मुली?" ते म्हणाले. "तो आता खलाशी आहे."