पडायचा दिवस

"...मग या दोन जोड्यांतली न पाडणारी कुठली, उस्ताद?"

उस्ताद फडतरे एका जुन्या स्कीच्या तळाला मेण लावत होते. कपड्यांची जुनी इस्त्री, तिच्यावर मेणाची वडी टेकवायची, थेंब पडू द्यायचे, मग इस्त्री हलक्या हातानं फिरवायची. हात थांबला नाही.

"मेण गार हुईस्तोवर बस," ते म्हणाले.

संज्योत बसली नाही. उठून कोपऱ्यात गेली. सफरचंदाच्या खोक्यात गोधडी घालून तिची अकरा महिन्यांची रमा झोपली होती. संज्योतनं तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागला. मग परत आली.

सकाळपासून हे चौथ्यांदा.

खिडकीच्या कठड्यापर्यंत बर्फ चढला होता. धुकं असं उतरलं होतं, की समोरचा डोंगर मधेच दिसायचा, मधेच कुणीतरी पुसून टाकल्यासारखा जायचा.

उस्ताद मूळचे खटावकडचे. तिथं प्यायला पाणी पुरत नाही, बर्फ कुठला. फौजेत गेले, बर्फावर घसरायला शिकले, मग बावीस वर्षं जवानांना शिकवलं. शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात. पेन्शन झाली तरी ते खाली उतरले नाहीत. या हिमाचलातल्या गावात लाकडाची खोली बांधली आणि राहिले. उस्ताद हे नावही राहिलं.

संज्योतचे वडील त्यांच्याच पलटणीत सुभेदार होते. दहा वर्षांची असताना ती पहिल्यांदा या उतारावर आली होती. सोळाव्या वर्षी तिच्यासारखी उडी मारणारं सगळ्या खोऱ्यात कुणी नव्हतं.

भिंतीला दोन जोड्या टेकवून ठेवल्या होत्या. दोन्ही पार्कच्या. म्हणजे जिथं बर्फाची टेकाडं रचून उड्या मारतात, उलटं उतरतात, त्या मैदानावरच्या. अशा स्कीची दोन्ही टोकं वर वळलेली असतात. पुढं कुठलं, मागं कुठलं, ते पायानं ठरवायचं.

"ही लोबझांगची," संज्योत म्हणाली. "आधी दारं-खिडक्या करायचा. आत विलोचं लाकूड आहे. मऊ आहे, दाबली की वाकते. अख्ख्या हिवाळ्यात आठ जोड्या करतो."

"हं."

"ही खालच्या खोऱ्यातल्या दोघी बहिणींची. आत बांबू. ट्रकच्या जॅकनं दाबून चिकटवतात. ताठ आहे. वजन अडीचशे ग्रॅम जास्त. लोबझांग म्हणतो ताठ स्की दगा देते. बहिणी म्हणतात मऊ स्की दगा देते. मी अकरा जणांना विचारलं. सगळं लिहून ठेवलंय मोबाईलमध्ये."

"अकरा जण काय म्हणाले?"

"पाच ही म्हणाले, पाच ती म्हणाले."

"आन अकरावा?"

"तो म्हणाला, लेकरू लहान आहे, घरी जा."

उस्ताद हसले. इस्त्री बाजूला ठेवली.

"हसू नका, उस्ताद. रविवारी संघाची निवड आहे. वयाची अट आहे, यंदा नाही तर कधीच नाही. आणि एक जोडी आज परत द्यायचीय, तिच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. तुम्ही फक्त एक बोट दाखवा. मी ती घेते."

उस्तादांनी बोट दाखवलं. पण जोड्यांकडं नाही. खिडकीकडं.

धुकं थोडं सरलं होतं. उतारावर सहा दिवस बर्फ पडला नव्हता, म्हणून माग जसेच्या तसे होते. वरून सहा रेघा सरळ उडीच्या टेकाडाकडं येत होत्या. टेकाडाच्या तोंडाशी सहाच्या सहा डावीकडं वळून निघून गेल्या होत्या.

"कुणाच्या?"

संज्योतनं खिडकीकडं पाठ केली.

"कुठल्या जोडीच्या, ते तरी सांग."

"...तीन दिवस ही घातली. तीन दिवस ती."

"मग वळायला तर दोन्ही चांगल्या हायत की गं."

तिचे कान लाल झाले. लहानपणीही असेच व्हायचे, कुणी दुसरं पहिलं आलं की.

"मी भीत नाही," ती म्हणाली.

...

"मी पूर्वी भीत नव्हते," तीच पुढं म्हणाली.

उस्तादांनी मेणाची वडी फडक्यात गुंडाळली.

"टेकाडापर्यंत येते. तोवर सगळं आठवतं, गुडघे कसे, खांदे कसे. आणि तोंडाशी आलं की रमा दिसते. हिची दुपटी दिसतात. मी पडले, मान मोडली, तर हिला कोण... हिला तर अजून वरणभातसुद्धा मीच भरवला तर जातो. म्हणून विचारतेय. न पाडणारी सांगा."

"न पाडणारी स्की या भिंतीला बी लागली न्हाई आन दुसऱ्या कुठल्या बी न्हाई."

"मग काय करू मी?"

उस्ताद उठले. टोपी घातली. दार उघडलं. गार हवा आत आली तशी संज्योतनं धावत जाऊन खोक्यावर शाल पांघरली.

"तू पहिल्यांदा आलीस तवा काय झालं, आठवतंय?"

"आठवतंय. मी सरळ खालपर्यंत गेले. एकदाही पडले नाही. सगळे जवान टाळ्या वाजवत होते."

"आन मी बी."

"तुम्हीही."

"तितंच चुकलं." उस्ताद दारात उभे राहून बाहेर बघत बोलले. "माझ्या हाताखालनं हजारभर जवान गेले. पैल्या दिवशी कुणाला चालू दिलं न्हाई. सकाळधरनं जेवणाच्या शिट्टीपत्तोर निस्तं पडायचं. डावीकडं पड. उजवीकडं पड. पडायचा दिवस म्हणायचो आमी. उभं ऱ्हायचं दुसऱ्या दिवशी. मोठमोठे पैलवान गडी रडायचे. पर कुणाला सोडलं न्हाई. तुला सोडलं. तू अशी काय घसरत गेलीस, की मीच भुललो. तुझा त्यो दिवस द्यायचा राह्यलाय."

"सतरा वर्षं झाली, उस्ताद."

"व्हय. बूट चढव."

खोलीच्या दारापुढं दहा पावलांवर एक सपाट तुकडा होता. तिथं कुणी चाललेलं नव्हतं. बर्फ पिंजलेल्या कापसासारखा पडला होता. दार थोडं उघडंच ठेवलं, रमाचं खोकं तिथून दिसत होतं.

संज्योत लोबझांगची जोडी घालून उभी राहिली.

"डावीकडं," उस्ताद म्हणाले.

ती पडली. लाकडाचा ओंडका पडावा तशी. हात आधी टेकला.

"हात टेकू नको, मनगट जाईल. ऊठ. पुन्यांदा."

पडली.

"तू पडत न्हाईस. तू अंग टाकतीयास, रागानं. सांड की जरा. तांब्यातलं पाणी सांडतं तशी."

"लोक बघताहेत."

"कोन? धुकं बघतंय."

पडली. उठली. उजवीकडं. मागं. पुन्हा डावीकडं. गळ्यातून बर्फ आत गेला, पाठीवर वितळला. विसाव्या वेळेला तिला रडू आलं. तिसाव्या वेळेला ते कधी थांबलं ते कळलं नाही.

"जोडी बदल," उस्ताद म्हणाले.

बहिणींची घातली. ही पडताना वाकत नव्हती. टोक वर उभं राहायचं आणि पोटरीला लागायचं.

"आई गं."

"कितीवं?"

"मोजायचं सोडलं मघाशीच."

"बरं केलंस."

मग बारीक बर्फ पडायला लागला. इतका बारीक, की पडतोय की वर जातोय हे समजू नये. ती पाठीवर पडली आणि तशीच राहिली. आभाळ नव्हतं, डोंगर नव्हता. सगळं पांढरं आणि जवळ. गालावर एकेक कण बसत होता आणि जात होता. आपण किती वजनाच्या आहोत, कुणाच्या कोण आहोत, रविवारी काय आहे... सगळं त्या पांढऱ्यात लांब लांब गेलं. लहानपणी ताप उतरल्यावर वाटायचं तसं वाटलं.

उस्ताद जवळच उभे होते.

किती वेळ गेला कोण जाणे.

आतून रमा रडली.

संज्योत उठली. स्की न काढता, हात न टेकता, एका दमात. ताठ स्की बर्फावर रोवली गेली, तिच्यावर तिनं सगळा भार दिला आणि ती उभी होती. दहा पावलं तशीच घसरत गेली, दारापाशी बूट सोडवले आणि मोज्यांवरच आत धावली.

उस्ताद मागून सावकाश आले. दारात काढून टाकलेल्या स्की उचलून झटकल्या, भिंतीला लावल्या.

संज्योतनं रमाला पाजायला घेतलं.

"उस्ताद... मी हिला विसरले होते. तिथं पडल्यावर. एवढा वेळ मला हिची आठवणच नव्हती."

"ती झोपली हुती."

"पण आई असून..."

"झोपलेल्या लेकराला तुझी भीती बी नको आन आठवण बी नको. मऊ गोधडी पायजे. ती तू घातली हुतीस."

रमानं दूध पिता पिता आईच्या केसांतला बर्फाचा एक कण धरायला हात वर केला. कण वितळला. ती आपल्याच ओल्या बोटाकडं बघत राहिली आणि बघता बघता पुन्हा झोपली.

संज्योतनं तिला खोक्यात ठेवलं. गोधडी चहूबाजूंनी खोचली.

मग दोन्ही जोड्यांसमोर जाऊन उभी राहिली. एकीवर हात ठेवला, मग दुसरीवर. लोबझांगची जोडी उचलली आणि दोरीनं बांधायला घेतली, परत द्यायची म्हणून.

"का गं?" उस्तादांनी विचारलं.

"ती पडताना चांगली आहे. वाकते, सोबत येते. लोबझांगला तसं सांगेन मी, बरं वाटेल त्याला." तिनं गाठ घट्ट केली. "पण पडायला आता मला येतंय. उठताना टेकायला काहीतरी ताठ पाहिजे."

उस्तादांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. त्यांनी इस्त्री पुन्हा हातात घेतली.

"तळाला मेण लावून देऊ?"

"द्या."

मेण लावलं. गार होऊ दिलं. पत्र्याच्या पट्टीनं खरवडलं. तेवढा वेळ ती खिडकीपाशी बसून होती. या खेपेला नाकाखाली बोट धरायला ती उठली नाही. दोनदा उठता उठता बसली.

मग स्की खांद्यावर घेतली आणि दारात थांबली.

"मी वर जाऊन येते. हिच्याकडं..."

"हाय मी."

"रडली तर डाव्या कुशीवर वळवा. उजव्यावर ती..."

"जा."

ती गेली. पाच पावलांत धुक्यानं तिला घेतलं.

उस्ताद खोक्याशेजारी स्टुलावर बसले. खिडकीतून काही दिसत नव्हतं. नुसता पांढरा उजेड, त्यात कुठंतरी सूर्य असावा असा.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग वरून आवाज आला. बर्फावरून येणारी स्की कशी सळसळते, रेशमाची साडी कुणी ओढत नेल्यासारखी. आवाज जवळ आला. टेकाडाच्या तोंडाशी आला.

आणि बंद झाला.

हवेत असलेल्या माणसाचा आवाज येत नाही.

मग धप्प झालं. काहीतरी घरंगळलं. मग तेही नाही.

उस्ताद उठले नाहीत. हात मात्र खोक्याच्या कडेवर घट्ट होता.

...

बाहेर पावलं वाजली. दार ढकलून संज्योत आत आली. टोपी कुठंतरी गेली होती. केसांत बर्फ, भुवयांवर बर्फ, तोंडातसुद्धा बर्फ. ती धापा टाकत होती.

"मारली, उस्ताद. उडी मारली मी."

"मग?"

"पडले."

"लागलं कुठं?"

तिनं खांदा फिरवून पाहिला. गुडघा वाकवून पाहिला. मान डावीकडं, मान उजवीकडं.

"नाही."

उस्तादांनी वाकून खोक्यात पाहिलं. गोधडी जराशी वर केली. मग तिच्याकडं न बघताच, अगदी हळू आवाजात, लेकरू उठू नये म्हणून, ते म्हणाले,

"ही अजून झोपलीय. तवर आनखी दोनदा पडून ये."