पुण्यात जेवायचं कुठं?

“...उतरायची सोय झाली, महाराज. स्टेशनाजवळ लॉज बघितलाय. प्रश्न जेवणाचा हाय. शनिवारी दुपारी कुठं जेवावं, रात्री कुठं, आन रविवारी कुठं?”

केशवगीर महाराज पानावर बसले होते. समोर श्रीपतराव घोरबांडांच्या घरून आलेलं ताट होतं. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, दही. दर गुरुवारी यायचं तसंच.

श्रीपतराव म्हणजे आमच्या पंचक्रोशीतलं बडं प्रस्थ. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. महाराजांचा जुना शिष्य, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. घोरबांडांच्या घरात आधी रीत जन्माला येते आणि मग माणूस, असं आम्ही मठातले लोक म्हणायचो. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

संन्यास घेण्याआधी महाराज पुण्यात एका छापखान्यात कामाला होते. म्हणून श्रीपतरावांचा हा प्रश्न त्यांना.

“कसलं जेवण पाहिजे?” महाराजांनी विचारलं.

“शुद्ध. माळकऱ्याला चालंल असं. मागच्या खेपेला लई आबाळ झाली.”

“पुण्यात काय काम?”

“लेकीकडं चाललोय. मीनाक्षीकडं.”

महाराजांनी भाकरीला लावलेला हात काढून घेतला.

“लेक पुण्यात राहते?”

“व्हय.”

“तिच्याकडे चूल नाही?”

श्रीपतराव हसले. अडाण्याला समजावून सांगताना माणूस हसतो, तसं.

“महाराज, तिला अजून मूल न्हाई. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नसतं. पाणीसुदा न्हाई. आपल्याला ठावं नसंल.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

“मग काही नाही. मागच्या खेपेला कुठं जेवलास?”

श्रीपतराव जरा चुळबुळले. “तिनं पान मांडलं होतं. म्या दारातूनच सांगितलं, जेवून आलोय म्हणून.”

“जेवला होतास?”

“न्हाई.”

“मग?”

“खाली उतरून कोपऱ्यावरच्या गाड्यावर वडापाव खाल्ला. उभ्या उभ्या.”

“आणि लेक?”

“...गॅलरीत हुती.”

आमच्या मठात महाराजांनी पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे घास मोडत नाहीत, आणि महाराज जेवतात दिवसातून एकदाच. भूक तर सगळ्यांनाच लागली होती. पण त्या वेळी ताटाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

“वडे कोण तळत होता?” महाराजांनी विचारलं.

“हुता कुणीतरी.”

“त्याला मूलबाळ होतं?”

“...ते म्या कशाला इचारू?”

“नाही, रीत तू इतकी सांभाळतोस, म्हणून म्हटलं.”

आमच्यातला एक जण खुदकन हसला. श्रीपतरावांचे कान लाल झाले.

“जावई काय म्हणतो?”

“जावई गुणाचा हाय. मला हॉटेलापातूर स्कूटरवर सोडतो. माझं जेवण होईस्तोवर भायेर थांबतो.”

“आत येत नाही?”

“त्याचं जेवण घरी असतंय.”

हे सांगताना त्यांचा आवाज उतरला. मग ते पुन्हा मूळ पदावर आले. “तर महाराज, एखादी चांगली खानावळ सांगा. दोन दिसांचा तर प्रश्न हाय.”

“याच शनिवारी का? पेरणीचे दिवस आहेत. या दिवसांत तू बांध सोडत नाहीस.”

श्रीपतराव जमिनीकडे बघत राहिले.

“श्रीपता...”

“सोमवारी तिचं ऑपरेशन हाय.” ते भरभर बोलले. “गर्भाची पिशवी काढायचीय. डॉक्टर म्हणले, दुसरा इलाज न्हाई. फोनवर रडली न्हाई. इतकंच म्हणली, आबा, त्याच्या आधी या. एकदा माझ्या हातचं जेवून जा.”

“आणि तू खानावळ विचारतोयस.”

“रीत हाय, महाराज!”

“सोमवारनंतर ही रीत कधी फिटणार?”

उत्तर आम्हा सगळ्यांना कळत होतं, आणि ते ऐकायची कोणाचीच इच्छा नव्हती.

महाराजांनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि श्रीपतरावांच्या पुढ्यात ठेवलं.

“हे घेऊन जा.”

“का, महाराज? काय चुकलं?”

“तुझ्या घरचं मी जेवत नाही.”

श्रीपतराव गोंधळले. इकडेतिकडे बघितलं. आम्ही माना खाली घातल्या.

“आपन मस्करी करताय.”

“मस्करी नाही. गुरूनं शिष्याच्या घरचं अन्न घ्यायचं नसतं. शिष्याच्या पोटी ज्ञान जन्माला येईस्तोवर. पाणीसुद्धा नाही.”

“अशी रीत म्या कधी ऐकली न्हाई!”

“आता ऐकलीस.”

“मग इतकी वर्सं जेवलात ते?”

“चुकलं माझं. मी वाट बघत होतो.”

श्रीपतराव ताडकन उठले. तालुक्याच्या सभेत त्यांच्या आवाजानं माणसं खाली बसतात. मला वाटलं, आता ताट लाथाडून जातो. एकदा दारापर्यंत गेलेही. मग परत आले.

“महाराज, माझी मंडळी पहाटे उठली. वांगी भरत बसली. तिचे गुडघे धरलेत, तरी बसली. हे ताट तसंच माघारी नेलं, तर तिला काय सांगू?”

“सांग, महाराज बाहेरून जेवून आले.”

...

श्रीपतराव खाली बसले. ताटाकडे हात गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. आम्ही कधी त्यांना असं बघितलं नव्हतं. मघाशी हसलेला आमचा गडी उठून बाहेर गेला.

“आपल्याला वाटतंय, मी रितीपायी अडलोय,” शेवटी श्रीपतराव म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “तसं न्हाई, महाराज. पहिल्यांदा तसंच हुतं. आता न्हाई.”

“मग?”

“दर खेपेला म्या तिथं जेवत न्हाई, तवा तिला वाटतंय, आबांना अजून आशा हाय. आज न उद्या नातू हुईल आन आबा पानावर बसतील. आता जाऊन जेवलो म्हंजे...” ते थांबले. “तिच्या बापानंबी आशा सोडली, असं हुईल की, महाराज. ते मी कसं करू? सोमवारी ती टेबलावर झोपणार. त्याच्या आधी मीच तिला सांगू, संपलं म्हणून?”

खरं सांगायचं तर तोवर मी मनातल्या मनात श्रीपतरावांना चार शिव्या घालत होतो. त्या वाक्यानंतर मला माझीच लाज वाटली. महाराजांना काय वाटलं, ते मी सांगू शकत नाही. पण त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा थकलेला दिसला.

बाहेर कुत्रं भुंकलं. कुणीतरी त्याला हाकललं.

मग महाराजांनी हात लांब करून ताट परत स्वतःकडे ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला आणि तोंडात घातला. सावकाश चावला.

“मीठ बेताचं आहे,” ते म्हणाले. “मंडळींना सांग.”

श्रीपतराव बघत राहिले. काय झालं ते त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. मला तरी लगेच कळलं नव्हतं; शिष्याच्या पोटी ज्ञान जन्मल्यावरच जेवायची ती रीत मागाहून आठवली.

“बस कधीची आहे?”

“उद्या सांजंची.”

“मग उठ. जाऊन सामान बांध.”

श्रीपतरावांनी पायांवर डोकं ठेवलं. उठले. उपरण्यानं तोंड पुसलं, चपला घातल्या, पायरीपर्यंत गेले. तिथून वळले. खानावळीचं नाव आता त्यांना नको होतं, पण पाय काही उचलत नव्हता.

“महाराज... पानावर बसलो, आन तिनं इचारलं तर? म्हणली, आबा, आजवर कधी न्हाई, मग आजच का जेवताय? तर काय उत्तर देऊ?”

महाराजांनी पुढचा घास मोडला.

“उत्तर देऊ नकोस. अर्धी भाकरी आणखी माग.”