सायलेन्सरवरचा ओरखडा

गाड्या बोलायच्या त्या काळातली गोष्ट. आता नुसत्या ओरडतात.

घाटाखालच्या गावात एक नवी कोरी मोटरसायकल होती. सायलेन्सर आरशासारखा. शेजारच्या म्हाताऱ्या फटफटीचा सायलेन्सर ओरखड्यांनी भरलेला बघून ती नाक मुरडायची.

एका दुपारी घाटाच्या ऐन वळणावर नवीचं पेट्रोल संपलं. मागून फटफटी आली. कुणी हाक मारली नव्हती, तरी थांबली. पाय लावून ढकलायला तिच्या मालकाने नवीच्या सायलेन्सरवर बूट टेकवला.

"बूट नको! ओरखडा पडेल!" नवी किंचाळली.

"मग राहा इथंच चमकत, बाई," फटफटी म्हणाली. "वरून ट्रक येतोय. त्याचा ब्रेक लागला तर बघेल तुझी चमक."

नवीने बूट राहू दिला. फटफटीने धापा टाकत तिला चढ चढवून पंपापर्यंत पोचवलं.

पुढच्या आठवड्यात बाजारात एक स्कूटर फिदीफिदी हसली. "अगं, केवढा हा ओरखडा!"

"नीट बघ," नवी ताठ उभी राहून म्हणाली. "माझ्यासाठी कुणीतरी थांबलं होतं, त्याची खूण आहे ती. तुझ्याकडे आहे का एक तरी?"